हॅलो म्हणू नकोस

नॉर्डाल, मिनेसोटा
६ मार्च १९८८, रविवार

कार्स्टन,

तुझं कार्ड पोचलं. त्यावरचं जहाज छान आहे. ते तू दुरुस्त केलेलं आहे की टकोमात कुठल्याही दुकानात मिळतं तसलं, ते काही लिहिलं नाहीस. अक्षर मात्र अजून तसंच, कोंबडीचे पाय.

"बाबांनी स्वतः फोन करून ये म्हटलं, तर थँक्सगिव्हिंगला येईन." चार वर्षांत एवढं तरी लिहिलंस. मी ते त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं. बोलले काही नाहीत. तुला तुझे बाबा माहीत आहेत.

इकडे सगळं ठीक. बर्फ अजून गुडघाभर आहे. रस्त्यावरचा बर्फ काढायची जिल्ह्याची बर्फगाडी सध्या लायल चालवतो, कारण बाबांना जरा विश्रांती हवी होती. सव्वीस हिवाळे झाले, कोणालाही हवी होईल. ते घरीच असतात, खिडकीशी बसून लायल कडेचा बर्फ कसा अर्धवट सोडतो ते बघतात.

घरात खाणं मात्र फार झालंय. चर्चच्या बायकांनी अकरा भांडी आणून दिलीत. खिमा-बटाटा, शेवया आणि कोंबडी, पुन्हा खिमा-बटाटा. आपल्याकडे कोणी वारलं किंवा बाळ झालं तरच एवढी भांडी येतात, हे तुला ठाऊक आहे. दोन्हींपैकी काही झालेलं नाही. बायकांना हिवाळ्यात उद्योग नसतो, दुसरं काय.

स्वेटर घालत जा. तिकडे पाऊस असतो म्हणतात.

आई

१० एप्रिल १९८८, रविवार

कार्स्टन,

तू विचारलंस, "बाबांचं उत्तर काय?" आणि खाली दोन रेघा मारल्यास. एक पुरली असती.

उत्तर असं की ते सध्या फोन वापरत नाहीत. एवढंच लिहिते. मी मधे पडणार नाही, तुम्हा दोघांच्या मधे पडून पडून माझं कंबरडं मोडलंय. चार वर्षांपूर्वीच्या थँक्सगिव्हिंगलासुद्धा मीच पडले होते. टर्की टेबलावर होती, बाबांनी मान खाली घातली, आजोबांची प्रार्थना सुरू करणार, आणि तू मान वर ठेवून बसलास. "ज्याच्यावर माझा विश्वास नाही, त्याचे आभार मी मानणार नाही." आणि ते म्हणाले, "मग ज्याला आभार मानायचे नाहीत, त्यानं या टेबलावर जेवायचंही नाही." मी म्हटलं, आधी जेवून घ्या, भांडणं काय ताटाखाली पळून जातायत? कोणी ऐकलं नाही. तू कोट घेतलास आणि गेलास. टर्की आम्ही दोघांनी आठ दिवस खाल्ली.

ईस्टरला मी चर्चला गेले नाही. सर्दी होती म्हणून सांगितलं. सर्दी नव्हती. कपडे घालून पलंगावर बसले आणि बसूनच राहिले. घंटा वाजली, गाड्या गेल्या, गाड्या परत आल्या. वाईट वाटलं म्हणशील तर तेही नाही. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल असतो ना, चावला तरी कळत नाही, तसं झालंय माझं सगळं.

भांडी आता चौदा झालीत. तळघरात नेऊन रचून ठेवलीत. सगळी घासून पुसून, बुडाला चिकटपट्टीवर बाईचं नाव: डॉरिस, अर्लीन, मिसेस क्विस्ट. परत द्यायला हवीत. पण भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, काहीतरी करून घालायचं असतं, आणि मला काही करवत नाही. सूपचा डबा उघडते, पाव भाजते. डॉरिस दुकानात भेटली. भांड्याचं काही बोलली नाही, इतकं बोलली नाही की मला तेच ऐकू आलं. आता मी तिला बघून दुसऱ्या रांगेत जाते.

गुरुवारी एक बाई येते, मिस प्रुइट म्हणून, चित्रांची कार्डं घेऊन. काहीही विचारते. तुमचे मिस्टर गातात का, त्यांना काही तोंडपाठ आहे का. मी म्हटलं, नाही, त्यांना सूर नाही. ती बाई का येते ते ▬▬▬▬▬▬▬

वरची ओळ खोडलीय. उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस.

आई

२९ मे १९८८, रविवार

कार्स्टन,

तुझं पत्र मिळालं. "त्यांना सांग, मी वाट बघून थकलो. त्यांना मुलापेक्षा आपला ताठा जास्त प्यारा आहे." हे मी त्यांना वाचून दाखवलेलं नाही. आता लिहायलाच हवं. खुर्चीवर बसून वाच.

नऊ फेब्रुवारीला बाबांना झटका आला, मेंदूचा. बारा नंबरच्या रस्त्यावर, बर्फगाडीत. त्यांनी गाडी कडेला घेतली, ब्रेक लावला, वरचा पिवळा दिवा चालू ठेवला. मग शुद्ध हरपली. लायलला तासाभरानं दिवा दिसला. डॉक्टर म्हणाला, अशा अवस्थेत ब्रेक कसा लावला कळत नाही. मला कळतं. रस्त्यात गाडी सोडली तर कोणीतरी येऊन आदळेल, हे त्यांना झोपेतही सुचलं असतं.

उजवा हात गेला. पाय बराच परत आला, काठी घेऊन चालतात. बोलणं गेलं. सगळं नाही, एक शब्द राहिलाय. "तेच." मीठ हवं असलं तरी तेच, मला हाक मारायची तरी तेच, रागावले की तेच तेच तेच. समजतं सगळं. ओठावर येत नाही. मिस प्रुइट त्यासाठी येते. कपाचं चित्र दाखवते, ते कप बघतात, त्यांना तो कप आहे हे माझ्याहून जास्त माहीत असतं, आणि म्हणतात, "तेच." आणि मग मान वळवतात. सव्वीस वर्षं ज्यानं अख्ख्या जिल्ह्याचा रस्ता मोकळा केला त्याला कप म्हणता येत नाही.

तुला का कळवलं नाही? तुझं कार्ड झटक्यानंतर दोनच आठवड्यांनी आलं. "बाबांनी स्वतः फोन केला तर." मी ते हातात धरून उभी राहिले. खरं लिहिलं तर तू दयेनं आला असतास, आणि दयेनं आलेला माणूस दयेनंच परत जातो. आणि दुसरं, मला वाटलं उन्हाळ्यापर्यंत बोलायला लागतील, मग त्यांच्याच तोंडून कळेल. फोन मी करत नाही कारण फोनवर मला खोटं बोलता येत नाही. पत्रात येतं.

अजून एक सांगते, कारण सांगायला लागलेय तर आता पुरतंच सांगते. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्या दिवशी जेवायला बसलो. त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलला, टेबलावर ठेवला, त्यावर डावा ठेवला, आणि माझ्याकडे बघितलं. प्रार्थना मी म्हणावी म्हणून. ते सुरू करायचे ना नेहमी, आता मी करायची. मी चमचा उचलला आणि जेवायला लागले. कशाचे आभार, कार्स्टन? कुठल्या तोंडानं? थोडा वेळ त्यांनी वाट बघितली. मग तेही जेवायला लागले. त्यानंतर आमच्या घरात प्रार्थना झालेली नाही. तू ज्या गोष्टीवरून घर सोडलंस, ती मी घरात राहून सोडली. तुला हसू येत असेल तर हस.

तू ये किंवा नको येऊस, पण त्यांच्या ताठ्याविषयी पुन्हा लिहू नकोस.

आई

२१ ऑगस्ट १९८८, रविवार

कार्स्टन,

तीन महिन्यांनी चार ओळी. तरी आल्या.

"आता ते कधीच काही बोलणार नाहीत. 'ये' पण नाही आणि 'चुकलो' पण नाही. मग मी येऊन काय करू, त्यांच्यासमोर बसून त्यांनी न बोललेलं ऐकू?"

मी चिडले नाही. चिडायला काहीतरी लागतं आत. मी पत्र साखरेच्या डब्यामागे ठेवलं आणि टोमॅटो तोडायला गेले. तुझं बरोबर आहे असंही वाटलं. मी रोज त्यांच्यासमोर बसून तेच करते.

दिवस कसे जातात विचारशील तर जातात. सकाळी त्यांची दाढी करते. हनुवटीखाली मला जमत नाही, ते डोळे मिटून सहन करतात. मग बटणं. मग ते पोर्चवर बसतात, येणारी प्रत्येक गाडी ओळखतात आणि बोट करून "तेच" म्हणतात, मी म्हणते, हो, अर्लीनचा नवरा. दुपारी सूप. संध्याकाळी मी दार लावते, ते कडी लागली का ते बघून येतात. एकतीस वर्षं झाली लग्नाला, पण इतका वेळ आम्ही एकमेकांसमोर कधीच बसलो नव्हतो.

पाद्रीबाई आली होती. नवीन आहे, तुझ्यापेक्षा लहान असेल. मला वाटलं आता बायबल काढते. ती पोर्चच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "चर्चला का येत नाही ते विचारायला नाही आले. तुमच्या रांगेत कोणी बसत नाही, एवढंच सांगायला आले." मी म्हटलं, मग बसवा कोणालातरी, जागा वाया कशाला घालवता? ती हसली. "लोक ऐकत नाहीत हो. तिथं आर्डिस बसते म्हणतात." तिनं बाबांबरोबर गाड्या बघितल्या आणि गेली. मला बरं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. पण ती गेल्यावर पायरी झाडली, हे आठवतंय. महिनाभर झाडली नव्हती.

भांडी चौदाच.

आई

९ ऑक्टोबर १९८८, रविवार

कार्स्टन,

हे पत्र लांब होणार आहे. कॉफी घेऊन बस.

काल शनिवारी पावणेबाराला दारावर थाप. घंटा असताना थाप कोण मारतं? बोर्गहिल्डबाई. रविवारच्या शाळेत मला शिकवलं, बाबांना शिकवलं, तुला शिकवलं त्याच. आता एक्याऐंशीच्या आहेत. तुझे कान अजून तापत असतील त्यांच्या आठवणीनं. डोक्याला रुमाल, हातात काठी, आणि दारातूनच सुरू:

"आर्डिस, माझं निळं भांडं तुझ्याकडे आहे. झाकणाचं. पुढच्या आठवड्यात चर्चचं जेवण आहे, अडीचशे माणसं, आणि मी मीटबॉल कशात करू, टोपीत?"

मी म्हटलं, "बाई, तुम्ही बसा, मी काहीतरी करते, रिकामं कसं देऊ? उद्या आणून देते."

"उद्या उद्या करत आठ महिने झाले. भांडं कुठाय?"

"तळघरात."

"मग आण."

मी आणायला खाली गेले. त्या मागोमाग जिन्याच्या तोंडाशी आल्या आणि खाली वाकून बघितलं. चौदा भांडी तीन थरांत. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाईंनी काठी आपटली.

"डॉरिस म्हणते, तू तिच्यावर रागावलीयस. अर्लीन म्हणते, तिच्या खिम्यात मीठ जास्त झालं असेल. सगळ्यांना वाटतंय आपलंच काहीतरी चुकलं. आणि तू खाली दुकान मांडलंयस!"

"मला काही करवत नाही, बाई," मी म्हटलं. "आणि रिकामं परत देऊ नये म्हणून तुम्हीच शिकवलंत."

"मी दहा वर्षांच्या पोरींना शिकवलं होतं. पन्नाशीच्या बाईला एवढी अक्कल असेल असं वाटलं होतं मला." मग नाक मुरडून म्हणाल्या, "आज काय शिजतंय?"

"काही नाही. डब्यातलं टोमॅटोचं सूप."

"मग तेच घाल भांड्यात. आणि आधी मला वाढ, उभ्यानं माझे पाय दुखतात."

डब्यातलं सूप, कार्स्टन! आयुष्यात पाहुण्याला मी डब्यातलं सूप वाढलं नव्हतं. पाव भाजला. बाबा आत आले, बाईंना बघून शाळेतल्या पोरासारखे ताठ झाले. बसले. मी बसले. मी चमचा उचलला, सवयच ती आता. बाईंनी माझ्या मनगटावर चापट मारली.

"आधी?"

"बाई, डब्यातल्या सूपवर कोण प्रार्थना म्हणतं?"

"देवाला डबा चालतो," त्या म्हणाल्या, डोळे मिटले, आणि आजोबांची नॉर्वेजियन प्रार्थना सुरू केली. कोणाची परवानगी नाही, काही नाही. जशी आपल्याकडे प्रत्येक घरात म्हणतात, ज्याला नॉर्वेजियनचा दुसरा शब्द येत नाही तोही म्हणतो.

पहिल्या ओळीच्या मध्यावर दुसरा आवाज आला.

मी आधी ओळखला नाही. जाड, गंजलेला, बिजागरीला तेल नसल्यासारखा. मला वाटलं रेडिओ. मग डोळे उघडले. तुझे बाबा बोलत होते. "तेच" नाही. प्रार्थना. एकही शब्द न चुकता, चारही ओळी, उच्चार आजोबांचे, शेवटी आमेन. मग त्यांनी डोळे उघडले आणि आपल्याच तोंडाला डावा हात लावून बघितला. बाईंकडे बघून काहीतरी म्हणायला गेले. आलं ते, "तेच."

बोर्गहिल्डबाई रडत नाहीत, त्यांनी दोन नवरे पुरले तेव्हाही नाही. त्या म्हणाल्या, "सूप निवतंय, ऑर्विल." आणि बाईंचा चमचा वाटीवर वाजत होता.

बाई निळ्या भांड्यात सूप घेऊन गेल्यावर मी मिस प्रुइटला फोन केला. शनिवार होता तरी केला. ती म्हणाली, असं होतं. लहानपणी घोकून पाठ झालेलं असतं ते डोक्यात वेगळ्या जागी असतं, तिथं झटका पोचत नाही. स्वतःचं वाक्य जुळवता येत नाही, पण पाठ असलेलं कोणी सुरू करून दिलं की बाहेर येतं. मग ती म्हणाली, "मी एप्रिलमध्ये विचारलं होतं तुम्हाला. काही तोंडपाठ आहे का म्हणून."

विचारलं होतं. मी म्हटलं, त्यांना सूर नाही. तुला लिहिलंही होतं ते. तेव्हा प्रार्थना आठवली नाही असं नाही. आठवली होती. पण ती म्हणायची तर मला म्हणायला लागली असती, आणि मला देवाला तेवढंही द्यायचं नव्हतं. मला वाटलं मी देवाशी अबोला धरलाय. आणि गप्प कोण बसलं? फेब्रुवारीत त्यांनी हातावर हात ठेवून माझ्याकडे बघितलं होतं. मी पहिला शब्द म्हटला असता तर त्याच दिवशी त्यांचा आवाज ऐकला असता. आठ महिने, दिवसाला तीन जेवणं, किती वेळा झालं ते तूच हिशेब कर, मला करवत नाही. प्रत्येक वेळी तो आवाज तिथं होता, घशात, आणि मी चमचा उचलत होते.

काल दुपारी मी तळघरात जाऊन रडले. त्या भांड्यांसमोर. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा. नाक गळत होतं आणि मिसेस क्विस्टचा टेबलावरचा रुमाल एका भांड्याबरोबर आला होता, त्यालाच पुसलं. आता तो धुवून द्यायला हवा.

रात्रीच्या जेवणाला मी सुरू केली. ते आले मागून. आज सकाळी केली, आले. मला देव सापडला असं काही मी लिहिणार नाही, तू पत्र फेकून देशील, आणि ते खरंही नाही. मला एवढंच कळलंय की ज्या माणसाचा हात गेला, काम गेलं, वाचा गेली, मुलगा गेला, त्याच्याकडे शेवटी जे शिल्लक होतं ते आभार होते. मी त्यांच्या वतीनं देवावर रागावून बसले होते. त्यांनी मला सांगितलं नव्हतं.

आता कामाचं.

तू म्हणतोस ते काही बोलणार नाहीत. स्वतःचं वाक्य नाहीच बोलणार, मिस प्रुइट म्हणते फार आशा धरू नका. "ये" नाही, "चुकलो" नाही. पण त्यांचा आवाज आहे. तुला तो ऐकायचा असेल तर एकच वाट आहे, आणि ती नेमकी तीच आहे जिच्यावरून तू उठून गेलास. मी काय करू? मी ठरवलं नाही हे.

पुढच्या रविवारी चर्चचं जेवण आहे. त्याच्या पुढच्या रविवारी, तेवीसला, आमच्या बाराला, म्हणजे तुझ्या दहाला, फोन कर. भिंतीवरच्या फोनची वायर टेबलापर्यंत पोचते. मी उचलेन आणि त्यांच्या कानाला लावेन. हॅलो म्हणू नकोस. कसे आहात विचारू नकोस, त्यांना उत्तर देता येणार नाही आणि ते घाबरतील. सरळ प्रार्थना सुरू कर. पहिली ओळ तू म्हण, बाकी ते बघतील.

विश्वास ठेव असं मी म्हणत नाही. तुझा अविश्वास तसाच राहू दे. नुसती सुरू करून दे. बर्फात अडकलेल्या गाडीला लोक धक्का देतात, तेव्हा गाडी कुठं जाणार ते विचारत नाहीत.

त्यांना मी आधी काही सांगणार नाही. तू फोन केला नाहीस तर त्यांना कळणारही नाही. मला कळेल.

आई

२३ ऑक्टोबर १९८८, रविवार, दुपारचे तीन

कार्स्टन,

फोनवर काय झालं ते तुला माहीत आहे. तुला जे दिसलं नाही तेवढं लिहिते.

बारा वाजता बटाटे, भाजलेलं मटण आणि गाजर टेबलावर होतं. हो, खरं जेवण. गेल्या दोन आठवड्यांत मी नऊ भांडी परत दिलीत, बोर्गहिल्डबाईंचं धरून. सफरचंदाचं काही, पाव, काही भांड्यांत नुसते उकडलेले बटाटे. डॉरिस म्हणाली, "अगं, मला वाटलं तू रागावलीस." मी म्हटलं, "रागावले होते, पण तुझ्यावर नाही." ती म्हणाली, "मग माझं काचेचं भांडं कुठाय?" म्हटलं, पुढच्या खेपेला. उरलेली पाच मी वर आणून तुझ्या खुर्चीवर ठेवली होती, खिडकीजवळच्या. चार वर्षं त्या खुर्चीवर काही ना काही असतंच. रिकामी ठेवली की बघवत नाही म्हणून.

बारा वाजले. त्यांनी हातावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, जरा थांबा. बारा वाजून एक. ते म्हणाले, "तेच?" बारा वाजून दोन. मी चुलीकडे उगाच गेले आणि परत आले. तीन. तू नाही करणार असं मी मनाशी धरलं आणि तोंड उघडलं, सुरू करायला. तेवढ्यात फोन वाजला. चार मिनिटं उशीर, तू जन्मलास तोही दहा दिवस उशिरा.

मी काही न बोलता त्यांच्या कानाला लावला. ते गोंधळले. आणि तू सुरू केलंस.

तुझा आवाज त्यांनी लगेच ओळखला. त्यांचं तोंड उघडं राहिलं, पहिली ओळ तू एकट्यानंच म्हटलीस, तुला वाटलं असेल ते ऐकत नाहीयेत. ऐकत होते. डोळे मिटले होते आणि डावा हात उजव्यावर इतका दाबून ठेवला होता की नखं पांढरी झाली. दुसऱ्या ओळीला आले. मग तिसऱ्या ओळीला तू अडकलास. विसरलास ना? चार वर्षं म्हटली नाहीस, विसरणारच. मला वाटलं संपलं, आता तेही थांबतील.

ते थांबले नाहीत. पुढं गेले. तिसरी ओळ त्यांनी एकट्यानं म्हटली, सावकाश, एक एक शब्द सोडवून, तू तीन वर्षांचा असताना मांडीवर घेऊन म्हणायला लावायचे तशी. आणि तू मागून आलास. तू आमेन म्हणालास की नाही ते मला नीट कळलं नाही. मी विचारणारही नाही.

मग तू म्हणालास, "बाबा?" त्यांनी काय उत्तर दिलं ते तू ऐकलंस. तू गप्प राहिलास म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं, आणि पुन्हा. तीनदा. तू "बरं" म्हणून फोन ठेवलास. तुझा आवाज तेव्हा कसा झाला होता ते मी ऐकलं नाही असं धरू.

फोन बंद झाला तरी ते मला घेऊ देईनात. तो टूंऽऽ वाजत राहिला आणि ते कानाला धरून बसले. मग दिला. काठी घेतली, उठले, मी म्हटलं कुठं निघालात, जेवण निवतंय. ते तुझ्या खुर्चीशी गेले. काठी भिंतीला टेकवली. एका हातानं वरचं भांडं उचललं, वाकले, जमिनीवर ठेवलं. मग दुसरं. मी मदतीला उठले तर असं "तेच!" म्हणाले की मी खाली बसले. तिसरं. चौथं. पाचवं काचेचं होतं, डॉरिसचं, ते निसटलं आणि फुटलं. त्यांनी तुकड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हसले, कार्स्टन. एका बाजूनं, कारण दुसरी बाजू हसत नाही. मग खुर्ची तळव्यानं झाडली, टेबलाकडे वळवली आणि जागेवर येऊन जेवले.

मी काच झाडली. तेव्हा कळलं की मी अनवाणी आहे आणि फरशी बर्फासारखी गार आहे. इतके महिने अनवाणीच फिरत असेन, कधी गार लागलं नव्हतं. मी तिथंच उभी राहिले थोडा वेळ, गार लागू दिलं.

तू म्हणाला होतास, त्यांनी स्वतःच्या तोंडानं ये म्हटलं तर येईन. त्यांच्याकडे एकच शब्द आहे. तो त्यांनी तुला तीनदा दिला.

थँक्सगिव्हिंग चोवीस नोव्हेंबरला आहे. बारा वाजता. येताना डॉरिससाठी काचेचं एक भांडं घेऊन ये, मोठं, ओव्हनमध्ये चालेल असं. रिकामं आणू नकोस.

आई